काजूबी, लेव्हल वीस

कारखान्याच्या यंत्राला माझा अंगठा पटत नाही.
टरफलातल्या तेलाने रेषा खाल्ल्या,
बारा वर्षांत, एकेक करून.
सुपरवायझर रोज वहीत सही घेतो.
मोबाइलच्या काचेची मात्र काही तक्रार नाही,
माझ्या काळ्या बोटाला ती हो म्हणते
आणि मी धावते.

मी म्हणजे ती.
हिरव्या झग्यातली, कंबर मुठीएवढी,
डोक्यावर तरंगतं नाव: काजूबी.
पहिल्याच रात्री तिला
कोंबडीएवढ्या बेडकाने तीनदा मारलं.

रेडकरांचा वेदू, सातवीतला, माझा गुरू.
फी, वाटीभर खारी तुकडा-काजू.
"काकी, लांडग्याच्या वाटेक जाव नको.
आधी बेडूक, मगे खेकडे.
ती म्हातारी काय सांगता ता आयकत बसू नको,
दाब, दाब, फुडे चल.
निळे खडे इकू नको, कोणी कितीय गोड बोललो तरी.
आणि खेळ बंद करताना तिका खानावळीत निजव,
सकाळी दुप्पट गुण गावतत."

म्हणजे तिने निजायचं.

घाई कसली, ते वेदूला सांगितलेलं नाही.
त्याला वाटतं, काकीला नाद लागला.

लवू मस्कतला, मासळीच्या शीतगृहात, रात्रपाळीला.
फोन रविवारी.
जेवलास? जेवलो.
उकडतं का? आत थंडच असतं.
पैसे पोचले? पोचले.
मग थोडा वेळ दोघांचा श्वास,
मग, ठेवतो.
पण गणपतीत आला होता, तेव्हा
ताट घेऊन मी त्याच्या खांद्यामागे उभी होते.
काचेत काळा घोडा, वर नाव: डोमकावळा७,
आणि लवू हसत होता,
कुणाशी तरी, मोठ्याने,
भात निवेपर्यंत.

तो जिथे उभा असतो त्या शहराला पूल आहे.
पुलावर पाटी आहे: लेव्हल वीस.

खेकड्यांची एक पुळण आहे तिथे.
आमच्या सागरेश्वरासारखीच, फक्त वास नाही.
लाट येते, पाय भिजत नाहीत.
पाच खेकडे मारले की पाच उगवतात,
त्याच जागी, तेवढेच.
नवखे येतात, दहा मिनिटांत कंटाळून जातात.
मला कसला कंटाळा!
दिवसभर दुसरं काय करते?
बी धर, पाय दाब, फोड,
गर अखंड काढ,
पुढची.
वेदू डोळे फाडून म्हणाला,
"काकी, तू मशीन आसस काय?"

काल पहाटे पावणेतीनला
सोनेरी रेघ तिच्या पायांपासून डोक्यापर्यंत चढली.
तिकडे सव्वा वाजला असणार,
त्याची जेवणाची सुट्टी.
पूल. कंदील.
विहिरीपाशी काळा घोडा.

जवळ जाऊन उभी राहिले.
लिहायचं कुठे, ते वेदूने शिकवलंच नव्हतं.
उडी मारता येत होती.
मारली.

"नवीन काय?" त्याने लिहिलं.
मी दुसरी उडी मारली.
"ये मागून. डावीकडे जाऊ नको, साप आहेत."

आणि घोड्यावरून उतरून तो चालत निघाला,
दर दहा पावलांवर थांबत, वळून बघत.
बालवाडीत नेताना मी अशीच थांबायचे,
तो एक चप्पल हातात घेऊन
वहाळातले मासे मोजायचा.
इथे मी काहीच मोजलं नाही.
त्याच्या पाठीकडे बघत चालले,
एकदा सापाच्या अंगावर गेले,
त्याने तलवारीने सोडवलं, चिडला नाही.

जाताना एक घोंगडी दिली.
"वर डोंगरात थंडी असते."
मग घोडा, मग धूळ,
मग नावापुढचा हिरवा ठिपका विझला.

घोंगडी तिच्या अंगावर घालायला गेले,
तर लाल अक्षरं: लेव्हल बावीस लागेल.

सकाळी कामावर जाताना वेदूला गाठलं.
दोन चढायला किती खेकडे, रे?

बूट घालता घालता तो म्हणाला,
"खेकडे आता पुराचे नाय, काकी.
आता लांडगे."